आधी निदान, मग रीसेट

फेब्रुवारीतला रविवार होता. मंगळवेढा तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात काम करणारी माझी जुनी विद्यार्थिनी सकाळी अकरा वाजता व्हिडिओवर एका रुग्णाचा पाय दाखवणार होती. साठीचे शेतकरी, जुना मधुमेह, अंगठ्याला जखम. “सर, मोठ्या पडद्यावर नीट बघा. सोलापूरला पाठवायचं की इथंच ड्रेसिंग करायचं, ते ठरवू,” असं तिनं सांगितलं होतं.

मुलीचा पुण्यातला संगणक आदल्याच दिवशी घरी आणला होता. पावणेअकराला त्याला वायर जोडली, तर नेट नाही. राउटर बंद-चालू केला, काही फरक नाही. मग मी घाईनं टाचणी घेतली आणि राउटरच्या मागचं बारीक छिद्र दाबून धरलं. त्याला रीसेट म्हणतात. त्यानं राउटरमधला कंपनीचा युजरनेम-पासवर्ड पुसला गेला आणि तोवर मोबाइलवर व्यवस्थित चालणारं घरातलं वायफायही बंद पडलं.

शेवटी मोबाइलच्या डेटावर, खिडकीत उभं राहून पाहिलं. चित्र धूसर होतं. मधुमेहाच्या पायाबाबत धोका पत्करता येत नाही, म्हणून त्यांना सोमवारी ओपीडीत बोलावलं. ऐन ज्वारीच्या काढणीत ते पन्नासहून अधिक किलोमीटर एसटीनं आले. जखम वरवरची होती. ड्रेसिंग आणि औषधं गावातच झाली असती.

रविवारी रात्री मुलीला फोन केला तेव्हा तिनं एकच प्रश्न विचारला. “बाबा, मोबाइलवर नेट चालू होतं ना? मग राउटरला का हात लावलात?” हॉस्टेलच्या नेटवर्कसाठी त्या संगणकात पत्ता हातानं भरलेला होता. तो आमच्या घरच्या नेटवर्कशी जुळत नव्हता. दुखणं संगणकात होतं आणि मी शस्त्रक्रिया राउटरवर केली.

२५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारनं टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये ई-संजीवनीची ओपीडी सुरू झाली. तेव्हापासून घरचा संगणक हा अनेकांसाठी दवाखान्याचा दरवाजा झाला आहे. तो अडकला तर कसा उघडायचा, हे म्हणूनच या सदरात सांगावंसं वाटतं. रीत आमचीच आहे : आधी विचारपूस, मग तपासणी, शेवटी उपचार.

विचारपूस दोन प्रश्नांची. नेट सगळ्या घरात बंद आहे की एकाच यंत्रावर? आणि कालपासून काय बदललं? मोबाइल वायफायवर चालत असेल आणि फक्त संगणक अडला असेल, तर दोष बहुधा संगणकात किंवा त्याच्या वायरीत असतो. मात्र मोबाइलचा डेटा बंद करून हे पाहा, नाहीतर फसगत होते. सगळंच बंद असेल तर फायबरच्या डबीवरचे दिवे बघा. ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल असेल, तर बाहेरून प्रकाशाचा संदेशच येत नाही. अशा वेळी घरात कितीही खटपट केली तरी उपयोग नाही, कंपनीला कळवा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा बंद शोकेसमध्ये ठेवलेला राउटर तापून मधूनमधून बंद पडू शकतो. त्याला मोकळ्यावर ठेवा.

आता तपासणी. घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक पत्ता देतो, त्याला आयपी म्हणतात. विंडोजच्या काळ्या कमांड खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहिला की तो दिसतो. घरचा पत्ता बहुतेक वेळा १९२.१६८ नं सुरू होतो. तो १६९.२५४ नं सुरू होत असेल, तर संगणकानं पत्ता मागितला पण राउटरकडून उत्तर आलं नाही, म्हणून त्यानं स्वतःच एक पत्ता घेतला, असा अर्थ. अशा वेळी वायर, वायफाय आणि राउटर तपासा. पत्ता मोबाइलच्या पत्त्याशी अजिबात जुळत नसेल, तर तो माझ्यासारखा हातानं भरलेला असू शकतो. सेटिंगमध्ये तो ‘ऑटोमॅटिक’ करा.

पुढची पायरी ‘पिंग’. १७६१ मध्ये व्हिएन्नाच्या लिओपोल्ड औएनब्रुगर या डॉक्टरनं छातीवर बोटं वाजवून आतलं ओळखण्याची पद्धत मांडली. तो खानावळवाल्याचा मुलगा, पिंप वाजवून त्यात किती दारू उरली ते ओळखतात हे त्याला ठाऊक होतं. पिंग तसाच आहे : टकटक करायची आणि उत्तर येतं का ते ऐकायचं. आधी राउटरला पिंग करा. आयपीच्या खाली ‘डिफॉल्ट गेटवे’ म्हणून जो आकडा दिसतो, तो राउटरचा. मग ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला करा, आणि शेवटी एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. राउटरकडून उत्तर नाही, तर दोष घरात. राउटर बोलतो पण ८.८.८.८ गप्प, तर दोष बहुधा राउटरच्या पुढे. आकड्याला उत्तर येतं आणि नाव ओळखलंच जात नाही, तर नावावरून आकडा शोधून देणारी यंत्रणा, म्हणजे डीएनएस, अडली आहे. आपल्या फोनमधल्या नावांच्या यादीसारखी ती असते. संगणकातली डीएनएसची सेटिंगही ‘ऑटोमॅटिक’वर आणून पाहा.

एक गंमतीचा आजारही आहे. नेट चालू, पण प्रत्येक संकेतस्थळ ‘असुरक्षित’ म्हणतं. तेव्हा संगणकाची तारीख बघा. जुन्या संगणकातली बटणासारखी बॅटरी संपली की तारीख काही वर्षं मागे जाते आणि संकेतस्थळांची प्रमाणपत्रं त्याला खोटी वाटतात.

उपचाराचे नियम तीन. बदलण्याआधी जुन्या सेटिंगचा मोबाइलवर फोटो काढा. एका वेळी एकच बदल करा. फरक पडला नाही तर तो मागे घ्या, मगच दुसरा. पाच औषधं एकदम दिली तर कशानं बरं वाटलं आणि कशानं पुरळ उठलं, ते कळत नाही. रीस्टार्ट म्हणजे विश्रांती, ती खुशाल द्या. रीसेट म्हणजे शस्त्रक्रिया, ती युजरनेम-पासवर्ड हाताशी असल्याशिवाय नको.

मदतीचा नंबर बिलावरून घ्या, सर्चमध्ये शोधून नको. तिथे भामट्यांचेही नंबर असतात. पडदा दाखवणारं ॲप टाकायला लावणाऱ्याला किंवा ओटीपी मागणाऱ्याला तिथेच थांबवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा. आणि छातीत दुखत असेल, धाप लागली असेल, तोंड वाकडं झालं असेल, तर नेट दुरुस्त करत बसू नका. १०८ ला फोन करा.

ते शेतकरी महिन्यानं पुन्हा व्हिडिओवर आले. या वेळी मी अर्धा तास आधी बसून सगळं तपासलं होतं. जखम भरली होती. “आता यायला नको ना, डॉक्टरसाहेब?” त्यांनी विचारलं. नको, म्हणालो.