टोळी कशाने चालते?



गळीत हंगाम सुरू झाला की आपण टनेज आणि भाव यांचा हिशेब मांडतो. फडात राबणाऱ्या टोळीचा विचार मात्र त्या मानाने कमीच होतो. नवरा-बायको मिळून एक कोयता आणि असे आठ-दहा कोयते मिळून एक टोळी. बीड, आष्टी, पाथर्डीकडची ही माणसं घरदार सोडून हंगामभर कोपीत राहतात. त्यांना एकजुटीने चालवणं हीच मुकादमाची खरी कसोटी.

आमच्या पाहण्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. हुकूम सोडणारी तोंडं जास्त झाली की काम रखडतं. मालक म्हणतो बांधाकडनं धरा, स्लिपबॉय म्हणतो रस्त्याकडनं, गाडीवान म्हणतो आधी माझी गाडी भरा! टोळी ताटकळते आणि तोडलेला ऊस उन्हात वाळतो. तुटलेल्या उसाचं वजन घटत जातं, साखरही कमी होते. म्हणून २४ तासांच्या आत तो गव्हाणीत पडला पाहिजे. २००९-१० पासून लागू झालेली एफ.आर.पी. उताऱ्याशी जोडलेली आहे. म्हणजे फडातला घोळ शेवटी आपल्याच बिलात उतरतो.

जाणता मुकादम काय करतो? उद्या कोणता फड, किती गाड्या, हे तो आदल्या रात्रीच टोळीला सांगून ठेवतो. बुडख्याकडे साखर जास्त असते, म्हणून ऊस जमिनीलगत तोडायचा. हे तो ओरडून सांगत नाही, स्वतः कोयता धरून दाखवतो. उचल किती दिली, किती फिटली, याची वही सगळ्यांसमोर वाचतो. दडवलेल्या हिशेबाने टोळी फुटते. एखादी बाई आजारी पडली तर खाड्याचा दंड न लावता तिला विसावा देतो. माणूस टिकला तरच काम टिकतं, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

आता आपलं काम. सूचना द्यायची ती मुकादमालाच द्यावी. तक्रार असेल तर टोळीवर न ओरडता गट कार्यालयात मांडावी. पाळी मोडण्यासाठी खुशाली देऊ नये. आज आपण दिली तर उद्या शेजाऱ्याला द्यावी लागते. फडात प्यायचं पाणी आणि लेकरांना सावली, एवढी सोय तर आपण सहज करू शकतो.

शिस्त धाकाने दोन दिवस चालते, विश्वासाने हंगामभर. ज्या मुकादमाचा शब्द टोळी मानते, त्याच्या फडात गाडी वेळेवर भरते. असा मुकादम आपल्या गटात असेल तर त्याला जपा!