फुटबॉलचा सामना, गर्दी आणि मुलें

खेळ पाहण्यास जमलेला समाज आणि दंगल करणारा जमाव यांत प्रारंभीं कांहींच भेद दिसत नाहीं. तींच माणसें, तेंच मैदान, तोच उत्साह. भेद पडतो तो पुढें, आणि पुष्कळदां अवघ्या कांहीं मिनिटांत पडतो. म्हणून मुलाचा हात धरून फुटबॉलचा सामना पाहण्यास निघणाऱ्या पालकानें हा भेद कसा पडतो, हें आधीं समजून घेणें अगत्याचें आहे.

महाराष्ट्रांत फुटबॉलचें वेड पाहावें तर तें कोल्हापुरांत. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम हीं तेथील संघांचीं नांवेंच बोलकीं आहेत. कुस्तीच्या तालमींभोंवतीं वाढलेल्या या मंडळांनीं फुटबॉल आपलासा केला आणि पेठेचा अभिमान संघाच्या रंगांत उतरला. २०१७ सालीं भारतांत भरलेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेंत भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव हा याच कोल्हापूरचा. परंतु ज्या अभिमानानें खेळ जिवंत ठेवला, त्याच अभिमानापायीं समर्थकांच्या मारामाऱ्या व दगडफेक हे प्रकारही तेथें वेळोवेळीं घडले आणि पोलिसांस मध्यें पडावें लागलें. कलकत्त्यास तर १६ ऑगस्ट १९८० रोजीं ईडन गार्डन्सवर मोहन बागान व ईस्ट बंगाल यांच्या सामन्यांत मैदानावरील बाचाबाचीची ठिणगी प्रेक्षकांत पडली आणि १६ जण प्राणांस मुकले.

अशा बातम्या वाचून सर्वसाधारण मनुष्याची समजूत होते कीं, धोका आहे तो प्रतिपक्षाच्या गुंडांपासून. ही समजूत अर्धीच खरी आहे. २४ मे १९६४ रोजीं पेरू देशांत लिमा येथें पंचांनीं एक गोल नाकारला. प्रेक्षक खवळले, पोलिसांनीं अश्रुधूर सोडला, लोक जिन्यांवरून खालीं धांवले आणि खालचीं दारें बंद असल्यामुळें तेथेंच चिरडले. अधिकृत गणनेप्रमाणें ३२८ माणसें गेलीं. १५ एप्रिल १९८९ रोजीं इंग्लंडांत हिल्सबरो येथें तर मारामारी झालीच नव्हती. दंगेखोरांनीं मैदानांत शिरूं नये म्हणून उभारलेल्या लोखंडी कुंपणापाशीं प्रेक्षक दाबले गेले. त्या दुर्घटनेंत एकंदर ९७ जणांचा अंत झाला. त्यांतील सर्वांत लहान मुलगा दहा वर्षांचा होता. इंडोनेशियांत कांजुरुहान येथें १ ऑक्टोबर २०२२ रोजीं प्रतिपक्षाच्या समर्थकांस प्रवेशच नव्हता. तरीही सामन्यानंतर प्रेक्षकांवर अश्रुधूर सोडला गेला आणि अरुंद दारांपाशीं होऊन १३५ माणसें मेलीं. त्यांत कित्येक मुलें होतीं. दंग्याच्या भीतीनें घातलेलें कुलूप व सोडलेला धूर हेच दंग्याहून घातक ठरले. हिल्सबरोनंतर इंग्लंडांतील मोठ्या मैदानांवरून तीं कुंपणें काढण्यांत आलीं. सामन्यांत अश्रुधुराचा वापर करूं नये, असा फुटबॉलच्या जागतिक संघटनेचाही नियम आहे.

गर्दींत मृत्यु येतो तो बहुधा पायांखालीं तुडवल्यानें नव्हे, तर उभ्या उभ्या गुदमरून. एका चौरस मीटर जागेंत पांच-सहांहून अधिक माणसें झालीं कीं, माणसाचें चालणें त्याच्या स्वाधीन राहत नाहीं; पाण्याच्या लाटेप्रमाणें सारा समूह हेलकावतो. छातीवर चहूंकडून दाब पडून ती फुगेनाशी होते आणि श्वास कोंडतो. मागच्यास पुढचें दिसत नाहीं, म्हणून तो ढकलीतच राहतो. मुलाची छाती मोठ्यांच्या कमरेपाशीं असते, बळ थोडें असतें आणि त्याचा आवाज वर पोंचत नाहीं. गर्दींत मूल प्रथम कां जातें, याचें कारण हें आहे.

यावरून सावधगिरी कोठें घ्यावयाची, तें स्पष्ट होतें. जागा निवडतांना खेळ किती जवळून दिसेल, याबरोबरच बाहेर पडण्याचीं दोन दारें कोठें आहेत, हेंही पाहावें. अगदीं कुंपणालगत किंवा दोन संघांच्या समर्थकांच्या मध्यें बसूं नये. चुकामूक झाल्यास भेटावयाची खूण मुलास आल्याबरोबर दाखवावी आणि पालकाचा दूरध्वनि क्रमांक लिहिलेली चिठ्ठी त्याच्या खिशांत ठेवावी. रेटा वाढूं लागतांच लहान मुलास उचलून घ्यावें, हात छातीपुढें धरावे, लोंढ्याविरुद्ध न झगडतां तिरपें सरकत कडेला यावें. भिंत, जिना व कुंपण टाळावें. धूर सुटल्यास डोळे न चोळतां वाऱ्याच्या उलट दिशेस मोकळ्या जागीं जावें व डोळे स्वच्छ पाण्यानें धुवावे.

कोळगांवच्या कुटुंबास आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी लागेल. पालघर जिल्ह्याचें मुख्यालय तेथें झालें असलें, तरी मोठा सामना पाहावयाचा म्हणजे बहुधा पालघर स्थानकावरून अंधेरीची वाट धरणें आलें. परतीच्या डहाणू गाड्या मोजक्या; त्यामुळें शेवटची शिटी वाजतांच धांवत सुटण्याचा मोह होतो, आणि नेमकी तीच वेळ दारांपाशीं सर्वांत दाटीची असते. मूल बरोबर असतां शिटीपूर्वीं पांच-दहा मिनिटें उठावें, नाहींतर निवांत पाव तास बसून राहावें. एक गाडी चुकली तर दुसरी मिळते. ज्या सामन्यास आधींच्या भांडणाची पार्श्वभूमि आहे, तेथें मात्र मुलास नेऊंच नये.

परंतु म्हणून मुलांस मैदानच वर्ज्य करणें हा उपाय नव्हे. शांत कुटुंबें घरीं बसलीं, तर मैदान आपोआप भांडखोरांचें होईल. मूल सामन्यांत चेंडूइतकेंच वडील माणसांकडे पाहत असतें. पंचाला शिवी देणारा बाप आणि प्रतिपक्षाच्या सुंदर गोलास टाळी देणारा बाप, या दोघांकडून तें दोन निराळे खेळ शिकतें. दहा वर्षांनीं त्याच प्रेक्षागृहांत बसणारा तरुण कोणता असेल, हें पुष्कळसें आज त्याच्या शेजारीं बसलेल्या माणसावर अवलंबून आहे.