कुठून आलात?

नवा माणूस सायकलवाल्यांच्या घोळक्यात आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘सायकल कुठली?’ मला हा प्रश्न अजिबात आवडत नाही. एक तर उत्तर दांडीवर ठळक अक्षरांत लिहिलेलंच असतं. शिवाय दहा-बारा हजारांची सायकल घेऊन आलेला माणूस ते सांगताना उगाच ओशाळतो, कारण विचारणाऱ्याची सायकल त्याच्या स्कूटरपेक्षा महाग असते. मी विचारते, ‘कुठून आलात?’

पुण्यातल्या आमच्या सायकल गटाचा बेत साधा असतो. रविवारी पहाटे साडेपाचला जंगली महाराज रस्त्यावर संभाजी बागेपाशी जमायचं, सिंहगड रस्त्याने खडकवासल्यापर्यंत जायचं, धरणाच्या अलीकडे चहा-पोहे खायचे आणि परतायचं. जाऊन-येऊन पस्तीसेक किलोमीटर. नव्यांसाठी हा रस्ता बरा. चढ फार नाहीत, आणि सगळीकडे वस्ती असल्यामुळे कुणाला नाहीच झेपलं तर टेम्पो मिळतो. पण हडपसरहून आलेली मुलगी बागेपाशी पोचते तेव्हाच दहा किलोमीटर चालवून आलेली असते, आणि परत जाताना हडपसर काही जवळ आलेलं नसतं. तिचा आजचा हिशेब पन्नाशीच्या पुढचा. शिवाजीनगरात राहणाऱ्याचा चाळिशीच्या आतला. ओळख करून देताना दोघंही म्हणतात, ‘मी नवीन आहे.’ पोह्यांपर्यंत दोघं सारखेच टवटवीत दिसतात. फरक कळतो तो परतीच्या वाटेवर, आणि तोवर आमच्यातले अर्धेअधिक आपापल्या घराकडे वळलेले असतात.

मी सगळ्यांत मागे असते. आमच्याकडे त्याला स्वीप म्हणतात. सर्वांत हळू चालवणाऱ्याच्याही मागे राहायचं, कुणाला एकटं सोडून पुढे जायचं नाही, एवढंच काम. पिशवीत पंप, दोन-तीन मापांच्या ट्यूब, पंक्चरचं सामान, ॲलन चाव्यांचा जुडगा आणि शेंगदाण्याची चिक्की. चिक्की सर्वांत आधी संपते.

निघण्यापूर्वी गोल करून उभं राहायचं आणि एकेकाने आपली ओळख करून द्यायची, अशी पद्धत आहे. नाव, कुठल्या भागातून, यापूर्वी कधी चालवली होती. इतक्या ओळखी ऐकल्यावर मी एवढं खात्रीने सांगू शकते की माणूस सायकल घेऊन उभा राहिला की नम्र होतो. कचेरीत ज्याच्या हाताखाली पन्नास माणसं असतील तोही इथे म्हणतो, ‘मला स्टॅमिना नाही हं, आधीच सांगून ठेवतो.’ कुणी गुडघ्यांचं सांगतं, कुणी वजनाचं, कुणी डॉक्टरांनी काय सांगितलं ते. सायकलीबद्दलही माफी मागून घेतात: ‘भाच्याची आहे’, ‘सोसायटीत पडून होती’, ‘साधीच आहे’. जिममध्ये जाणारे तरुण तेवढे वेग सांगतात. त्यांना मी पहिल्या चढापर्यंत काही बोलत नाही.

सगळ्यांत गमतीची ओळख असते साठीच्या पुढच्या पुणेकरांची. ‘तसा मी नवीनच,’ अशी सुरुवात, आणि मग हळूच बाहेर येतं की शाळेत असताना वडिलांच्या उंच सायकलीच्या नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारत शिकलो, पुढे नोकरीभर सायकलच होती. पुणं सायकलींचं शहर होतं तेव्हाची ही माणसं. तासाच्या बोलीवर भाड्याने सायकल घेतलेली, महापालिकेचा बिल्ला लावलेली, डबलसीट पकडल्यावर पोलिसाने हवा सोडल्यामुळे घरापर्यंत ढकलत नेलेली. असे एक काका ओळख संपवून सायकलीवर बसले ते टांग टाकून. डावा पाय पायडलवर, दोन ढांगा उजव्याने रेटा, आणि धावत्या सायकलीवर मागून पाय पलीकडे. पुढे रस्ताभर त्यांचं चाक एका रेषेत चाललेलं. मागून पाहणाऱ्याला अशा माणसाची काळजी वाटत नाही. चाळीस वर्षांनी हँडल धरलं तरी तोल कुठे जात नाही. दम तेवढा पुन्हा कमवावा लागतो.

माणूस स्वतःबद्दल जे सांगतो त्यापेक्षा त्याची सायकल जास्त सांगते, म्हणून गोल चालू असताना माझं लक्ष सीटवर आणि टायरवर असतं. नव्यांपैकी बहुतेकांची सीट खाली असते. कारण एकच, बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. सीट खाली असली की गुडघा प्रत्येक फेरीत नको तितका दुमडतो, जोर येत नाही, आणि दहा-पंधरा किलोमीटरनंतर वाटीपाशी दुखायला लागतं. मग घरी जाऊन माणूस सांगतो, सायकल माझ्या गुडघ्यांना मानवत नाही.

एक काकू मुलाची सायकल घेऊन आल्या होत्या. मुलगा परदेशी, सायकल बाल्कनीत.

‘काकू, सीट जरा वर घेऊ?’

‘नको गं. पाय टेकले पाहिजेत मला. पडले तर?’

अशा वेळी सीटला हात लावण्यात अर्थ नसतो. आधी थांबायला शिकवावं लागतं. सीटवर बसून थांबायचंच नसतं. ब्रेक दाबत वेग कमी झाला की पुढे सरकून सीटवरून उतरायचं, एक पाय खालच्या पायडलवर ठेवून दुसरा जमिनीवर. काकूंनी बागेच्या भिंतीलगत तसं तीन-चारदा करून पाहिलं. पहिल्यांदा दोन्ही पाय एकदम टाकले, दुसऱ्यांदा ब्रेक लावायला विसरल्या, नंतर जमलं. मग सीटखालचा खटका सैल करून बोटभर वर घेतली. पुन्हा फेरी. पुन्हा बोटभर. टाच पायडलवर ठेवून तो अगदी खाली नेला की गुडघा सरळ व्हावा, हे माप. म्हणजे पंजाने पायडल मारताना गुडघ्यात जरासा बाक उरतो. एकदम चार बोटं वर घेतली असती तर काकू रिक्षाने घरी गेल्या असत्या.

‘अगंबाई, इथून तर बागेतलंसुद्धा दिसतंय!’ एवढं म्हणून त्या निघाल्या.

टायरचं त्याहून सोपं. अंगठ्याने दाबून पाहायचं. किती हवा हवी ते टायरच्या कडेलाच कोरलेलं असतं. जाड टायरच्या शॉकअपवाल्या सायकलीला चाळीस ते पासष्ट पीएसआयच्या दरम्यान, बारीक टायरच्या रोडबाइकला शंभरच्या आसपास. वर्षभर बाल्कनीत उभ्या असलेल्या सायकलीत यातलं वीसही उरलेलं नसतं. अशी सायकल रेटत दांडेकर पुलापर्यंत गेलेला माणूस ‘माझ्यात दमच नाही’ म्हणतो तेव्हा निम्मं गाऱ्हाणं टायरचं असतं. हवा भरून दिल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघायला मला आवडतं. त्याला वाटतं, मी काही तरी महागडं दुरुस्त केलं.

रस्त्याला लागल्यावर शिकायचं ते पुढच्याच्या हातांकडे बघून. खड्डा आला की पुढचा त्या बाजूला बोट दाखवतो, थांबायचं असेल तर हात वर, मागून बस येत असली की मी ओरडते आणि ती हाळी पुढे पुढे जाते. नवे लोक सुरुवातीला ओरडायला लाजतात. सिंहगड रस्त्यावर विठ्ठलवाडी जाईतो तीन गतिरोधक आणि एक दुधाचा टेम्पो झाला की लाज जाते. मग तेच सगळ्यांत मोठ्याने ‘खड्डा!’ म्हणतात, कधी कधी साध्या झाकणालासुद्धा.

धायरी फाटा, नांदेड फाटा मागे पडले आणि धरण जवळ आलं की रस्ता थोडा वर चढतो. थोडाच. पण गिअर कुणाला कळतो आणि कुणाला नाही, ते इथे दिसतं. पुढच्या तीन चकत्या आणि मागच्या सात मिळून एकवीस गिअर, असं दुकानदाराने सांगितलेलं असतं, आणि माणूस कायम एकाच गिअरवर असतो. चढ अंगावर आला, पाय जड झाले की जोर लावता लावता खटका दाबतो. साखळी कडकडते, कधी उतरते. चढ दिसला की तो लागायच्या आधीच, पाय हलके असताना, पुढे लहान आणि मागे मोठी चकती घ्यायची. मी मागून फक्त ‘आता!’ एवढंच म्हणते.

आमच्या गटात एका गोष्टीवरून माझं बऱ्याचदा वाजलं आहे. पुढचे लोक भराभर जातात आणि मागच्यांसाठी थांबतात, हे चांगलंच. दहा मिनिटं थांबतात, पाणी पितात, फोटो काढतात. शेवटचा माणूस धापा टाकत पोचतो, आणि त्याला बघून सगळे म्हणतात, ‘आले! चला, निघू या.’ म्हणजे ज्याला विश्रांतीची सर्वाधिक गरज त्यालाच ती मिळत नाही, आणि वर आपल्यामुळे सगळे खोळंबले ही टोचणी. नवी माणसं दुसऱ्या रविवारी येत नाहीत त्याचं मोठं कारण, माझ्या मते, हे आहे. वेगाचा दोष कमी. आता नियम असा की शेवटचा पोचला की तिथून पाच मिनिटं मोजायची. पुढच्यांना तो अजूनही आवडत नाही.

पोह्यांच्या टेबलावर दुसरी ओळख होते, ती जुन्यांची. बीआरएम, एसआर, टू हंड्रेड असे शब्द उडायला लागतात. नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघात रेस ॲक्रॉस अमेरिका पुरी केली, नागपूरचे डॉ. अमित समर्थ २०१७ मध्ये तीच एकट्याने करून आले, फ्रान्समधल्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला १,२०० किलोमीटर ९० तासांत करावे लागतात. अभिमानाचंच आहे सगळं. पण ज्याचं आत्ताच खडकवासल्यापर्यंत येताना तोंडचं पाणी पळालं, तो बशीतले पोहे बघत गप्प होतो.

त्याला मी आकडे सोडवून दाखवते. बीआरएम म्हणजे शर्यत नव्हे, पहिला-दुसरा कुणी नसतो, ठरल्या वेळेत पोचायचं. २०० किलोमीटरला १३ तास ३० मिनिटं, ३०० ला २० तास, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०. एका हंगामात चारही झाले की सुपर रँडोनिअर, म्हणजे एसआर. यातल्या दोनशेचा हिशेब करा: तासाला वीस किलोमीटर जो चालवतो त्याला चालवायला लागतात दहा तास. उरले साडेतीन. चहा, जेवण, पंक्चर सगळं त्यात बसतं. हडपसरच्या त्या मुलीने हे ऐकून मोबाइलवर भागाकार केला आणि काही न बोलता आणखी एक चहा सांगितला.

एक गोष्ट मात्र गोलात सांगता येत नाही. सायकलिंगच्या पॅड असलेल्या शॉर्टच्या आत दुसरं काही घालायचं नसतं, नाही तर शिवण घासून कातडी सोलवटते. बायकांना मी चहाच्या वेळी बाजूला घेऊन सांगते. पुरुषांना कोण सांगतं कोण जाणे. काहींच्या चालण्यावरून वाटतं, कुणीच सांगत नाही.

निघताना मी सकाळच्या प्रश्नाची उत्तरं कामाला लावते. हडपसरला जाणारी एकटी, तर वानवडीचे काका तिच्यासोबत. काकूंना सहकारनगरला जायचं, तिकडचे दोघं आहेतच. जोड्या लावून झाल्या आणि वडगावच्या अलीकडे त्या मुलीचं मागचं चाक बसलं. चाक काढून, टायरची एक कड उचलून ट्यूब बाहेर घेतली आणि टायरच्या आतून बोट फिरवायला तिलाच सांगितलं, सावकाश, कारण टोचणारी वस्तू आतच असते. अर्ध्या फेरीनंतर तिने हात मागे घेतला. ट्रकच्या फाटक्या टायरमधली केसासारखी बारीक तार. ती चिमट्यात धरून उपटली नसती तर नवी ट्यूबही पुढच्या चौकात गेली असती. पंप तिने मारला. निघताना टायरच्या कडेवरचं माप, ७०० गुणिले ३५, तिने मोबाइलवर टिपून घेतलं आणि टायर लिव्हर जोडीने घ्यावे लागतात का ते विचारलं. दोन पुरतात म्हटल्यावर ती वानवडीच्या काकांमागून दांडेकर पुलाकडे निघाली.