मांडणारे हात : कलावंत खेळणी का जमवतात?

दिवाळीतला मातीचा किल्ला पाहताना मोठ्यांच्या एक गोष्ट लक्षात येते आणि मुलांच्या कधीच येत नाही : त्यातले प्रमाण साफ चुकलेले असते. सिंहासनावरचे महाराज महादरवाज्याहून उंच असतात, वाघ झोपडीपेक्षा मोठा असतो आणि विहिरीवरची बाई तोफेच्या दुप्पट असते. तरीही किल्ला खोटा वाटत नाही. कोणी कुठे उभे राहायचे हे एकदा ठरले, की मातीच्या त्या ढिगाचे राज्य होते.

कल्याणहून कर्जतकडे निघालेल्या लोकलचे पहिले स्थानक विठ्ठलवाडी. त्याच्या एका अंगाला कल्याण पूर्व, दुसऱ्या अंगाला उल्हासनगर. दाट वस्तीच्या या पट्ट्यातही चाळीच्या अंगणात किंवा इमारतीच्या वाहनतळाच्या कोपऱ्यात किल्ले उभे राहतात. खरा दुर्गाडी किल्ला खाडीकाठी जवळच असला, तरी मुलांना हवा असतो तो हाताने मांडता येणारा. तुळशीचे लग्न होते, किल्ला मोडतो, मावळे खोक्यात जातात आणि पुढच्या साफसफाईत त्यातले अर्धे कचऱ्यात. बहुतेकांच्या बाबतीत गोष्ट इथे संपते. काही माणसे मात्र ते खोके टाकत नाहीत. चाळिशी-पन्नाशीतही त्यांच्या टेबलावर लाकडी घोडा, पत्र्याची आगगाडी, एखादा मातीचा शिपाई असतो. चित्रकार, व्यंगचित्रकार, वास्तुरचनाकार, लेखक यांच्यात अशी माणसे पुष्कळ सापडतात. घरचे त्याला ‘अजून पोरकटपणा गेला नाही’ म्हणतात, पाहुणे ‘छंद’ म्हणतात. या दोन्ही शब्दांनी या सवयीचा उलगडा होत नाही.

पुण्याचा एक कवी

मराठीतले सर्वांत मोठे उदाहरण पुण्यात, बाजीराव रस्त्याजवळ उभे आहे. दिनकर गंगाधर केळकर (1896–1990) हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. 1920 च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. राजेरजवाड्यांच्या खजिन्यापेक्षा त्यांचे लक्ष घरातल्या वस्तूंकडे होते : दिवे, अडकित्ते, कुलपे, स्वयंपाकाची भांडी, वाद्ये, खेळ, बाहुल्या. पत्नी कमलाबाई या कामात त्यांच्या सोबत होत्या. मुलगा राजा वयाच्या सातव्या वर्षी गेला आणि संग्रहाला त्याचे नाव मिळाले : राजा दिनकर केळकर संग्रहालय. 1962 साली केळकरांनी हा संग्रह राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे सोपवला. आज तिथे वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत आणि त्यांतल्या अडीच हजारांच्या आसपासच एका वेळी मांडलेल्या असतात.

हा संग्रह इतिहासकाराने केला नाही, कवीने केला. इतिहासकार वस्तूला आधी विचारतो, ‘तू कोणत्या काळातली?’ केळकरांनी निवडलेल्या वस्तू पाहिल्या तर त्यांचा प्रश्न निराळा असावा असे वाटते : ‘तुला असे कोणी केले, आणि एवढे का केले?’ सुपारी कातरायला दोन पाती पुरतात. मग अडकित्त्याला मोराचा किंवा घोड्याचा आकार कशासाठी? गरजेपेक्षा जे जास्त आहे, त्यात करणाऱ्याचा खेळ दिसतो. कवितेतही भाषेचे काम संपल्यावर जे उरते, तेच कवीचे असते. अडकित्ता आणि बाहुली एकाच छपराखाली येतात ती या नात्याने.

बालपणाची आठवण एवढेच कारण इथे पुरत नाही. केळकरांनी जमवलेल्या वस्तू त्यांच्या स्वतःच्या बालपणातल्या नव्हत्या. त्या अनोळखी लोकांच्या घरांतून, मोडीत निघता निघता आलेल्या होत्या. संग्रहाला मिळालेले नाव मात्र ज्या मुलाचे खेळायचे वय सरलेच नाही त्याचे आहे. हा योगायोग विसरून त्या दालनांतून फिरता येत नाही.

किती कमी पुरते?

पहिले कारण सर्वांत व्यावहारिक आहे. खेळणे हा आकाराचा धडा असतो. सावंतवाडीच्या चितार आळीतले रंगीत लाकडी खेळणे हातात घ्या. घोडा म्हणजे एक धड, चार खुंट आणि मानेचा एक बाक. नाकपुड्या नाहीत, आयाळीचा केसन् केस नाही. तरी त्याला गाढव कोणी म्हणणार नाही. घोडेपण त्या बाकात आहे, हे करणाऱ्याला नेमके माहीत आहे.

आपल्याकडे याचे सर्वांत ओळखीचे उदाहरण ज्याच्या नावाने ही वाडी वसली त्याचेच आहे. कमरेवर दोन हात आणि विटेवर जुळलेली पावले एवढे दाखवले, की पाच वर्षांच्या मुलाच्या रेघोट्यांतही विठ्ठल उभा राहतो. चेहरा काढायचा राहिला तरी चालते. मातीचा, पितळेचा, लाकडाचा विठ्ठल करणाऱ्या हातांना ही काटकसर पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. कलावंताला तीच शिकायची असते, म्हणून तो अशा आकृती जवळ ठेवतो. चित्रात काय घालावे हे शाळेत शिकता येते. काय गाळावे हे चांगले खेळणे शिकवते.

चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन रचनाकार जोडपे खेळण्यांचे मोठे संग्राहक होते. जुन्या खेळण्यातल्या आगगाड्यांवर त्यांनी 1957 साली एक लघुपट केला. त्यात त्यांनी हौशी मंडळींची हुबेहूब छोटी प्रतिकृती आणि खेळणे यांत फरक केला. प्रतिकृती खऱ्या गाडीची नक्कल करते. खेळण्यातले लाकूड लाकूडच राहते आणि पत्रा पत्राच. पुढच्याच वर्षी, 1958 साली, भारत सरकारच्या निमंत्रणावरून त्यांनी भारतातील वस्तुरचनेवर अहवाल लिहिला आणि त्यात सर्वांत जास्त कौतुक केले ते आपल्या साध्या लोट्याचे. त्या अहवालातून पुढे 1961 साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाईन संस्था उभी राहिली. लोट्यापाशी थांबलेली नजर पत्र्याच्या आगगाडीवर तयार झाली होती, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

बडोद्याला के. जी. सुब्रमण्यन यांनी कला विद्याशाखेच्या जत्रेसाठी लाकडाची, मण्यांची, चामड्याची खेळणी स्वतः केली. अवनींद्रनाथ ठाकूर उतारवयात वाळक्या फांद्या आणि लाकडाचे तुकडे गोळा करून त्यांतून पक्षी-प्राणी शोधत. पॉल क्ले या चित्रकाराने मुलगा फेलिक्ससाठी 1916 ते 1925 या काळात सुमारे पन्नास हातबाहुल्या केल्या, त्याही घरातल्या टाकाऊ वस्तूंतून. पिकासोने 1951 साली माकडिणीचे शिल्प घडवताना तिच्या तोंडासाठी मुलाच्या खेळण्यातल्या दोन मोटारी वापरल्या. ज्याच्या घरात खेळणी नाहीत, त्याला मोटारीत माकड दिसायची शक्यता कमीच.

मांडणीचा खेळ

दुसरे कारण मांडणीचे. एक खेळणे ही वस्तू असते. दोन शेजारी ठेवली की गोष्ट सुरू होते. मातीचा शिपाई आणि लाकडी चिमणी समोरासमोर ठेवा, बघणारा लगेच विचारतो, ‘हे काय बोलतायत?’

मराठी घराला ही कला नवी नाही. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पायऱ्यांची आरास होते. झोपाळ्यातल्या गौरीसमोर घरातली चित्रे, बाहुल्या, खेळणी, भातुकलीची भांडी, फळांच्या कापलेल्या नक्ष्या मांडल्या जातात आणि आंब्याची डाळ, पन्हे घेता घेता बायका एकमेकींच्या आरशीची पारख करतात. मुलांचा किल्ला कार्तिकात, बायकांची आरास चैत्रात. म्हणजे वर्षातून दोनदा सामान्य घरही संग्रहालय होत आले आहे. फरक इतकाच, की घराची आरास उचलली जाते आणि कलावंताची वर्षभर मांडलेली राहते, रोज थोडी बदलत.

दिग्दर्शक पात्रांच्या हालचाली ठरवताना टेबलावर छोट्या आकृत्या सरकवतो. चलच्चित्रपट करणारे तरुण संगणकाशेजारी सांधे वळणारी बाहुली ठेवतात. तिच्यावर दिवा धरला की सावली कुठे पडते ते कळते, हात वळवला की खांदा कुठे जातो ते दिसते. अनोळखी लोकांना तो पसारा वाटतो, पण ते हत्यार असते.

आपल्याकडे बाहुली आणि कलावंत यांचे नाते सर्वांत ठळक दिसते ते शब्दभ्रमकारांत. यशवंत केशव पाध्ये यांचा अर्धवटराव पुढे त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांच्या हाती आला आणि दोन पिढ्यांच्या मांडीवर बसून बोलला. 1993 च्या ‘झपाटलेला’मधला तात्या विंचूही पाध्यांच्याच कारखान्यातला. बाहुली बोलत नाही हे प्रेक्षकाला माहीत असते, तरी तो उत्तर ऐकायला बाहुलीकडेच पाहतो. डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालमानसतज्ज्ञाने 1971 च्या पुस्तकात याच जागेबद्दल लिहिले आहे. लहान मूल ज्या चिंधीला किंवा अस्वलाला सोडत नाही, ती वस्तू त्याच्या मते धड बाहेरची नसते आणि धड मनातलीही नसते. ‘हे तू कल्पलेस की तुला सापडले?’ असे मुलाला विचारायचे नसते. कला त्याच मधल्या जागेत वाढते, असे त्याचे म्हणणे. खेळणी जपणारा कलावंत त्या जागेची किल्ली खिशात ठेवतो.

भेट आलेली एक बाहुली

जमवणे एका माणसापुरते राहत नाही याचा दाखला दिल्लीत आहे. व्यंगचित्रकार शंकर पिळ्ळै यांना हंगेरीच्या राजदूतांनी मुलांच्या स्पर्धेतील बक्षीस म्हणून एक बाहुली दिली. ती शंकरना इतकी आवडली, की परदेश दौऱ्यांत ते देशोदेशीच्या बाहुल्या आणू लागले आणि मुलांच्या चित्रांबरोबर त्यांची प्रदर्शने भरवू लागले. 30 नोव्हेंबर 1965 रोजी त्यांतून आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालय उभे राहिले. सत्ताधाऱ्यांचे चेहरे चार रेषांत पकडणाऱ्या माणसाला बाहुल्यांची ओढ वाटावी यात नवल नाही. एका पोशाखाने, डोक्यावरच्या एका टोपीने अख्खा देश ओळखू येतो, ही व्यंगचित्राचीच युक्ती आहे.

साफसफाईच्या आधी

आता सवयीची दुसरी बाजू. जमवणे आणि साठवणे यांतली रेषा बारीक आहे. वेष्टनासकट, न उघडता, भाव वाढेल म्हणून कपाटात ठेवलेल्या परदेशी बाहुल्यांची बाजारपेठ आज मोठी आहे. त्यात गैर काही नाही; पण ज्या खेळण्याला हात लागत नाही ते ठेवपावतीसारखे असते. कसोटी सोपी आहे : संग्रहातली वस्तू जागा बदलते का? पाहुण्याच्या मुलाने मागितली तर हातात दिली जाते का?

खरी चिंता मात्र वेगळी आहे. मातीचा मावळा कच्चा असतो आणि पावसाळ्याच्या ओलीने त्याचा रंग सुटतो. साच्यातले प्लॅस्टरचे आणि प्लॅस्टिकचे मावळे त्याची जागा घेत आहेत. पितळेची भातुकली मोडीच्या भावाने जाते, कारण तराजूला तिची कारागिरी दिसत नाही. आणि आपल्या या पट्ट्यात जुन्या चाळी पाडून उंच इमारती होत आहेत. घर बदलताना सर्वांत आधी काय टाकले जाते? माळ्यावरचे खोके. त्यात काय होते हे कोणी लिहून ठेवत नाही. लोकांच्या खेळण्यांचा इतिहास असा भंगाराच्या हातगाडीवरून निघून जातो, आणि नंतर अभ्यासकाला हाती लागतात ती फक्त श्रीमंतांची हस्तिदंती प्यादी.

केळकरांनी हे ओळखले होते. मौल्यवान वस्तूला वाली असतो. रोजच्या वस्तूला नसतो. म्हणून संग्राहक कलावंताकडे पोरकट माणूस म्हणून पाहण्याऐवजी बिनपगारी दप्तरदार म्हणून पाहावे. आपण सगळे केळकर होऊ शकत नाही आणि तशी गरजही नाही. पण यंदा माळा रिकामा करताना जुन्या खेळण्यांतले एक बाजूला काढावे. ते कोणी केले, कुठल्या जत्रेतून आणले, कोणाच्या हातचे होते हे घरातल्या आजीला किंवा आजोबांना विचारून एका चिठ्ठीवर लिहावे आणि ती चिठ्ठी त्याच्या पोटाशी बांधून ठेवावी. चिठ्ठी नसली की ते नुसते जुने खेळणे असते. चिठ्ठी बांधली की संग्रह सुरू होतो.