अकरापैकी अकरा, बारापैकी शून्य

हॅरी पॉटरच्या ८ चित्रपटांना मिळून ऑस्करची १२ नामांकनं झाली. पुरस्कार एकही नाही. पुढे २०१६ साली त्याच जादूच्या दुनियेतला 'फँटॅस्टिक बीस्ट्स' आला आणि वेशभूषेचं ऑस्कर घेऊन गेला. पॉटरप्रेमींसमोर हा विषय नुसता काढला तरी आजही आवाज चढतात. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या चाहत्यांना मात्र २००४चा सोहळा तोंडपाठ असतो. 'द रिटर्न ऑफ द किंग'ला ११ नामांकनं होती आणि अकराच्या अकरा पुरस्कार पदरात पडले. दोन्ही मालिका २००१च्या अखेरच्या दोन महिन्यांत सुरू झाल्या, दोन्ही गाजलेल्या पुस्तकांवरच्या. मग एकीला सगळं आणि दुसरीला काहीच नाही, असं का?

उत्तर शोधायचं तर मतदारांच्या आवडीनिवडीपेक्षा पुरस्काराच्या रचनेकडे पाहायला हवं. दिग्दर्शक पीटर जॅक्सनने 'रिंग्ज'च्या तिन्ही भागांचं मुख्य चित्रण न्यूझीलंडमध्ये सलग उरकलं होतं. पहिल्या भागाला १३ नामांकनं आणि ४ पुरस्कार, दुसऱ्याला २ पुरस्कार मिळाले, आणि तिसऱ्या वर्षी अकादमीने तिन्ही वर्षांचा हिशेब एकदम चुकता केला, असं मला वाटतं. तरीही त्या अकरांत अभिनयाचं एकही नामांकन नव्हतं. गॉलमच्या प्रत्येक हालचालीत, घोगऱ्या आवाजात अँडी सर्किस होता. त्याचं श्रेय व्हिज्युअल इफेक्ट्सच्या खात्यात जमा झालं.

पॉटरला हे जमण्यासारखं नव्हतं. दहा वर्षं, चार दिग्दर्शक, आणि शेवटाकडे नेणारी संथ वाट. या मालिकेची सर्वांत मोठी कामगिरी म्हणजे तीच मुलं आपल्या डोळ्यांदेखत मोठी होत गेली. ॲलन रिकमनने रंगवलेल्या स्नेपचा खरा अर्थ आठव्या भागात उलगडतो आणि आधीच्या सात भागांतली त्याची प्रत्येक थंड नजर वेगळी दिसू लागते. ही भूमिका कोणत्या वर्षाची म्हणायची? रिकमनला ऑस्करचं नामांकन कधीच मिळालं नाही. एका वर्षाच्या मापात दहा वर्षांचं काम मावत नाही, आणि मालिकाप्रेमींच्या तक्रारीत मला हाच भाग सर्वांत खरा वाटतो.

'ॲव्हेंजर्स: एंडगेम'चंही तेच झालं. मार्व्हलच्या मालिकेतला हा २२वा चित्रपट. शेवटच्या लढाईत एकेक पात्र प्रकाशाच्या दारातून बाहेर येतं तेव्हा आधीचे २१ चित्रपट पाहिलेल्याच्या घशात आवंढा येतो. न पाहिलेल्याला ती नुसती गर्दी दिसते. चित्रपटाला एकच नामांकन मिळालं, व्हिज्युअल इफेक्ट्सचं, आणि तो पुरस्कारही '१९१७'ने नेला. चित्रपट आला त्याच वर्षी दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसी यांनी मार्व्हलच्या चित्रपटांना सिनेमा मानायला नकार दिला. स्कोर्सेसींबद्दल पूर्ण आदर ठेवून मी इथे चाहत्यांच्या बाजूने आहे. वर्षानुवर्षं एखाद्या पात्राची सोबत करणं हाही सिनेमाचाच अनुभव आहे.

हा वाद नवा नाही. १९७८ साली 'स्टार वॉर्स'ला डावलून 'ॲनी हॉल' सर्वोत्कृष्ट ठरला. १९८३ साली 'गांधी'ने 'ई. टी.'ला मागे टाकलं. वेशभूषेत 'गांधी'साठी काम केलेल्या कोल्हापूरच्या भानू अथैया आणि जॉन मोलो यांच्यासमोर इतरांबरोबर 'ट्रॉन' होता. एकीकडे संगणकाच्या पोटातले चमकणारे पोशाख, दुसरीकडे खादी. मी खादीच्या बाजूचा, आणि निव्वळ अभिमानापोटी नाही. हजारोंच्या गर्दीत माणसाचा प्रांत, पेशा आणि काळ कपड्यांतून कळायला हवा, हे काम कल्पनेतलं जग रंगवण्याहून सोपं नाही.

चाहत्यांचा सर्वांत मोठा विजय पराभवातून आला. 'द डार्क नाइट'ला २००९ साली ८ नामांकनं मिळाली, हीथ लेजरला मरणोत्तर पुरस्कारही मिळाला, पण सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या पाच जणांत नाव नव्हतं. ओरड एवढी झाली की त्याच वर्षी अकादमीने पाचाच्या दहा जागा केल्या. सोबत मतमोजणीही बदलली. मतदार पसंतीक्रम लावतो, कोणालाच निम्म्याहून जास्त मतं नसली तर तळाचा चित्रपट बाद होतो आणि त्याची मतं पुढच्या पसंतीकडे वळतात. अशा मोजणीत काहींना जीव की प्राण आणि बाकीच्यांना नकोसा असलेला चित्रपट मागे पडतो. पुष्कळांना दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर चालणारा पुढे सरकतो. २०१९ साली 'ब्लॅक पँथर' या यादीत पोहोचणारा पहिला सुपरहीरोपट ठरला, तीन पुरस्कारही जिंकला. मुख्य पुरस्कार 'ग्रीन बुक'ला गेला.

त्याआधी ऑगस्ट २०१८मध्ये अकादमीने लोकप्रिय चित्रपटांसाठी स्वतंत्र पुरस्कार जाहीर केला होता आणि महिनाभरात तो बाजूला ठेवला. बरंच झालं. जेवायला बोलवायचं आणि पंगत वेगळी मांडायची, यात मान कसला? २०२२ साली ट्विटरवर चाहत्यांचा कौल घेतला, तर सर्वाधिक जल्लोषाचा प्रसंग म्हणून झॅक स्नायडरच्या 'जस्टिस लीग'मधला फ्लॅशचा प्रसंग निवडून आला. तिथे प्रसंग किती सरस यापेक्षा चाहत्यांची फळी किती पक्की हेच मोजलं गेलं. गल्ल्याच्या आकड्यांवर भांडणाऱ्यांनाही माझं हेच म्हणणं आहे. 'इतके कोटी कमावले, म्हणून पुरस्कार द्या' म्हटलं की समोरच्याला नाक मुरडायला आयतं निमित्त मिळतं.

भांडायचं तर 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड'सारखं उदाहरण घेऊन भांडावं. संकलक मार्गारेट सिक्सेल यांच्यापुढे सुमारे ४८० तासांचं चित्रण होतं. त्यातून त्यांनी दोन तासांचा, जवळजवळ २,७०० कट असलेला चित्रपट बांधला. एवढ्या वेगात कट पडूनही डोळा गोंधळत नाही, कारण छायालेखक जॉन सील यांनी महत्त्वाची गोष्ट सतत चौकटीच्या मध्यावर ठेवली होती. दृश्य बदललं तरी नजर शोधाशोध करत नाही, ती जागच्या जागीच असते. २०१६ साली या चौथ्या भागाला ६ ऑस्कर मिळाले, त्यांत संकलनाचंही होतं. दिग्दर्शक जॉर्ज मिलर मात्र रिकाम्या हाताने परतले, आणि ते मला अजून पटलेलं नाही.

आता नियम थोडे हलले आहेत. एप्रिल २०२५मध्ये अकादमीने ठरवलं की अंतिम फेरीत एखाद्या विभागात मत द्यायचं तर त्यातले सगळे नामांकित चित्रपट पाहिलेच पाहिजेत. त्याच महिन्यात स्टंट डिझाइनसाठी नव्या ऑस्करची घोषणा झाली, २०२७पासून प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांसाठी. 'जॉन विक'चे दिग्दर्शक चॅड स्टाहेल्स्की हे 'द मेट्रिक्स'मध्ये किआनू रीव्हजचे स्टंट डबल होते. त्यांच्या चारही 'जॉन विक'पटांना आजवर ऑस्करचं एकही नामांकन नाही, आणि नवा पुरस्कार मागे जाऊन ते भरून काढणार नाही.