कार्बन-प्रतिपूर्ती
कार्बन-प्रतिपूर्ती : टाळता न आलेल्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाची भरपाई अन्यत्र तितकेच उत्सर्जन घटवून किंवा तितका कार्बन डाय-ऑक्साइड वातावरणातून शोषून करण्याची पद्धत. हे वायू वातावरणात सर्वत्र मिसळत असल्याने घट कोठे झाली यापेक्षा ती खरोखर झाली की नाही, यास महत्त्व असते. १ टन कार्बन डाय-ऑक्साइड वा त्याच्याशी तुल्य असा अन्य वायू हे मोजमापाचे एकक असून त्याच्या प्रमाणपत्रास ‘कार्बन श्रेय’ म्हणतात. भरपाईसाठी वापरलेले श्रेय नोंदवहीतून रद्द करावे लागते. अन्यथा एकच घट दोनदा मोजली जाते.

१ लि. डीझेल जळाल्यास सु. २·७ किग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइड निर्माण होतो. नागपूर–अमरावती महामार्गावरील कारंजा (घाडगे) (वर्धा जिल्हा) येथून जाणाऱ्या एखाद्या मालमोटारीने २० लि. डीझेल वापरल्यास सु. ५४ किग्रॅ. वायू हवेत जातो. कोरड्या लाकडाच्या वजनाचा सु. निम्मा भाग कार्बनचा असल्याने एवढ्या वायूतील कार्बन परत बांधून ठेवण्यास सु. २९ किग्रॅ. लाकूड तयार व्हावे लागते. उत्सर्जन काही तासांत होते. लाकूड वाढण्यास मात्र वर्षे लागतात. शिवाय या भागातील सागाच्या कोरड्या पानझडी वनांत उन्हाळ्यात वणवा लागल्यास साठलेला कार्बन पुन्हा मुक्त होतो.

म्हणून प्रतिपूर्तीस तीन कसोट्या लावतात : श्रेयाच्या उत्पन्नाशिवाय ती घट झाली नसती (अतिरिक्तता), ती दीर्घकाळ टिकेल (स्थायित्व), आणि एका जागी थांबविलेली तोड दुसरीकडे सुरू होणार नाही (गळतीचा अभाव).

क्योटो करारातील (१९९७) स्वच्छ विकास यंत्रणेमुळे या व्यवहारास आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. तीखाली महाराष्ट्रातील सातारा, धुळे इ. जिल्ह्यांतील पवनविद्युत् प्रकल्पांची नोंदणी झाली. पवनविद्युत् स्वस्त होत गेल्यावर, श्रेयांविना हे प्रकल्प उभे राहिलेच नसते काय, असा आक्षेप अशा प्रकल्पांवर घेतला जाऊ लागला. पॅरिस कराराच्या (२०१५) सहाव्या अनुच्छेदात नव्या यंत्रणेची तरतूद आहे. भारत सरकारने २०२३ मध्ये कार्बन श्रेय व्यापार योजना अधिसूचित केली.

प्रतिपूर्तीमुळे मूळ उत्सर्जन नाहीसे होत नाही. त्यामुळे प्रथम इंधनाचा वापर शक्य तितका कमी करून उरलेल्या उत्सर्जनापुरताच तिचा अवलंब करणे युक्त ठरते. अन्यथा ती उत्सर्जन चालू ठेवण्याचा केवळ परवाना बनते.