कैलास लेणे: आख्यायिका, आकडे आणि टाकीचे घाव

वेरूळचे सोळावे लेणे, म्हणजेच कैलास मंदिर, दगडावर दगड रचून बांधलेले नाही. डोंगराचा उतार वरून खाली कोरत नेऊन गोपुर, नंदीमंडप, शिखर आणि जोत्यावरच्या हत्तींसकट ते अखंड कातळातून मोकळे केले आहे. छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीपासून ते साधारण ३० किलोमीटरवर आहे. इजिप्तच्या पिरॅमिडांप्रमाणे या लेण्याभोवतीही परग्रहवासी आणि हरवलेली यंत्रे यांच्या कथा जमल्या आहेत.

हे मंदिर कोणी घडवले ते कोणालाच ठाऊक नाही, हा पहिला गैरसमज. राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेतील कर्क सुवर्णवर्ष याचा इ. स. ८१२च्या सुमाराचा ताम्रपट बडोद्याला सापडला आहे. एलापूर येथील अद्भुत शिवमंदिर कृष्णराजाने करविले, ते पाहून देवही थक्क झाले आणि खुद्द घडवणाऱ्यालाही आपण हे कसे केले याचे नवल वाटले, असे त्यात म्हटले आहे. हा कृष्णराजा म्हणजे राष्ट्रकूट नृपती पहिला कृष्ण. त्याची कारकीर्द सुमारे ७५६ ते ७७३. एलापूर म्हणजे वेरूळ, हे रा. गो. भांडारकर यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिले होते.

सर्वांत जास्त फिरणारा दावा आकड्यांचा आहे: चार लाख टन दगड अवघ्या १८ वर्षांत काढला, माणसाला हे अशक्य. यातला पहिला आकडाच टिकत नाही. खोदलेले आवार सुमारे ८४ मीटर लांब आणि ४७ मीटर रुंद आहे. मागचा कडा सर्वांत उंच, सुमारे ३३ मीटर. या तिन्हींचा गुणाकार साधारण १ लाख ३० हजार घनमीटर होतो. बेसॉल्टचे वजन घनमीटरला २.८ ते २.९ टन धरले, तरी हा सगळा ठोकळा चार लाख टनांपर्यंत पोहोचत नाही. शिवाय डोंगर पुढच्या बाजूला उतरत येतो आणि मधले मंदिर तर कापलेलेच नाही. म्हणून अभ्यासकांचे अंदाज दीड ते दोन लाख टनांच्या आसपास असतात. दोन लाख टन, १८ वर्षे आणि वर्षाला कामाचे ३०० दिवस धरले, तर दिवसाला ३७ टन दगड निघायला हवा. अडीचशे पाथरवटांत तो वाटला, तर प्रत्येकाच्या वाट्याला दीडशे किलो, म्हणजे जेमतेम दोन घनफूट येतो. काम कष्टाचे आहे, अमानवी नाही. सगळा दगड चुरा करून काढावा लागत नव्हता. भेगा आणि थर हेरून मोठे तुकडे फोडता येत होते.

१८ वर्षे हा आकडाही कोणत्या शिलालेखात नाही. कृष्णाच्या कारकिर्दीची लांबीच कामाची मुदत मानली गेली. कलेतिहासकार हर्मन गोएट्झ यांनी १९५२ मध्ये अनेक राजांच्या काळात टप्प्याटप्प्याने काम झाल्याचे मांडले. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी मुख्य मंदिराचे श्रेय कृष्णालाच दिले. आवाराच्या कड्यांतील काही दालने नंतरची आहेत, हे मात्र बहुतेकांना मान्य आहे.

हे तंत्र अचानक अवतरले, असेही सांगितले जाते. प्रत्यक्षात भाजे, कार्ले, पितळखोरे आणि अजिंठा मिळून सह्याद्रीच्या कातळात आठ-नऊ शतकांचा अनुभव साठला होता. कैलासासाठी दोन्ही बाजूंनी आणि मागून खोल चर खणून मधला ठोकळा सुटा केला, मग शिखरापासून खाली कोरीव काम केले. खालचा न कापलेला खडकच पायाखालची जमीन असल्याने परांचीची गरज उरली नाही. आराखडाही आकाशातून पडला नाही: पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिराशी त्याचे जवळचे साम्य आहे आणि ते मंदिर ज्या बदामीच्या चालुक्यांचे, त्यांचे राज्य राष्ट्रकूटांनीच जिंकले होते. मराठी परंपरेलाही वरून खाली कोरण्याची ही रीत ठाऊक होती. ‘कथाकल्पतरू’ या ग्रंथातील कथेत शिखर दिसल्याशिवाय अन्न न घेण्याचा राणीचा नवस पैठणचा कोकस नावाचा स्थपती आठवड्यात पुरा करतो. आठवडा ही अतिशयोक्ती, पण शिखर आधी घडते हे त्यात अचूक टिपले आहे.

औरंगजेबाला १६८२ मध्ये हजार मजूर तीन वर्षे लावूनही मंदिर पाडता आले नाही, ही कथा समकालीन कागदपत्रांत आढळत नाही. ‘मआसिर-ए-आलमगिरी’ या दरबारी इतिहासात वेरूळची लेणी डोळे सुखावणारे स्थळ म्हणून वर्णिली आहेत. मूर्तींची मोडतोड खरी आहे. तिचा प्रत्येक घाव एकाच्याच नावे लावण्यास आधार नाही. आजचा उघडा काळा दगड हेही मूळ रूप नव्हे. मंदिरावर चुन्याचा गिलावा आणि रंग होते, त्यांचे अवशेष आजही दिसतात. म्हणूनच त्याला रंगमहाल म्हणत.

खरे न सुटलेले प्रश्न वेगळे आहेत. मुख्य स्थपती कोण, मजूर नेमके किती, त्यांना मोबदला काय मिळे, याची नोंद नाही. खुफूच्या पिरॅमिडसाठी चुनखडी वाहणाऱ्या मेरेर नावाच्या अधिकाऱ्याची रोजनिशी २०१३ मध्ये तांबड्या समुद्राकाठी सापडली; वेरूळला अशी रोजनिशी अजून मिळालेली नाही. कैलास पाहायला जाणाऱ्यांनी मात्र तिथेच थांबू नये, जैन लेण्यांतील तिसाव्या लेण्यापर्यंत जावे. छोटा कैलास म्हणून ओळखले जाणारे ते लेणे मोठ्या कैलासाच्या धर्तीवर कोरायला घेतले आणि अर्धवट राहिले; कारागिरांनी काम कसे केले, ते तिथे उघड्यावर पाहता येते.